वाचकांचे प्रश्न : वारा सुटला की बॅग दाराशी

मागच्या अंकात मी जानेवारी २०२५ मधल्या लॉस एंजेलिसच्या आगींबद्दल लिहिलं होतं, पॅलिसेड्स (समुद्राकडची) आणि ईटन (पॅसाडिनाच्या वरच्या ऑल्टडीना गावातली) या दोन मोठ्या आगी आणि तो अख्खा वाऱ्याचा आठवडा आम्ही पॅसाडिनाच्या पूर्वेकडे कसा काढला ते. त्यावर इतके मेल आलेत की प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं शक्यच नाहीये. निम्मे इकडच्या पोरांचे, निम्मे तिकडच्या आईवडलांचे. काही निवडून घेतलेत, एखादं उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

नाशिकहून एक काकू : माझा मुलगा ग्लेनडेलला राहतो. दर हिवाळ्यात फोनवर म्हणतो, "आई, वारा सुटलाय, बघू काय होतंय." अगं पण वारा सुटला तर त्यात एवढं काय? आणि समुद्र इतका जवळ असताना हवा कोरडी कशी?

काकू, मुलगा बरोबर बोलतोय. इथे आगीच्या आधी वाऱ्याला घाबरायचं असतं. एरवी इथे वारा समुद्राकडून येतो, गार, दमट, छान. पण साधारण ऑक्टोबर ते मार्च कधीकधी तो उलटा फिरतो. नेव्हाडा-युटाच्या उंच पठारावर थंड जड हवा साचते आणि ती तिथून समुद्राकडे खाली घसरायला लागते, डोंगरातल्या खिंडींमधून, आणि खिंड अरुंद म्हणून वेग आणखी वाढतो. याला सँटा ॲना म्हणतात. बऱ्याच जणांना वाटतं की वाळवंटातून येतो म्हणून गरम असतो, तसं नाहीये, निघताना ती हवा चांगली गार असते. खाली येताना ती दाबली जाते आणि दाबली गेल्यामुळे तापते, सायकलला हवा भरताना पंप खालून गरम लागतो ना तेच. दर १००० मीटर उतरणीला जवळजवळ १० अंश. आणि तापली की आर्द्रता पार कोसळते, १० टक्क्यांच्या खाली जाते, ओठ फुटतात, दाराला हात लावला की चटका बसतो स्टॅटिकचा, गवत तर काडीपेटीसाठी तयारच.

आता ७ जानेवारीचं सांगते म्हणजे अंदाज येईल. त्या रात्री डोंगराच्या भागात ताशी ८० ते १०० मैलांचे झोत होते, म्हणजे १३० ते १६० किलोमीटर. आपल्याकडे निसर्ग वादळ जून २०२० मध्ये श्रीवर्धनजवळ आदळलं तेव्हा ११०-१२० चा वारा धरला होता, त्याने काय दाणादाण उडवली आठवतंय ना, आणि ते तरी पावसासकट होतं. इथे थेंब नाही. त्याआधीचे दोन हिवाळे भरपूर पावसाचे झाले होते त्यामुळे झुडपं माजली, आणि मग मे २०२४ पासून जानेवारीपर्यंत लॉस एंजेलिस डाउनटाउनला ५ मिलिमीटरसुद्धा पाऊस नाही. एरवी डिसेंबरपर्यंत दोन-चार पाऊस होऊन जातात, मग वारा आला तरी रान ओलं असतं. यावेळी वारा वेळेवर आला आणि पाऊस आलाच नाही, सगळं गणित तिथे फिसकटलं.

आयर्व्हाइनहून एक नवं जोडपं : आम्ही नुकतेच टेक्सासहून आलोय, सासूसासरे सहा महिन्यांसाठी आलेत, सासऱ्यांना शुगर आहे आणि गुडघ्यामुळे भराभर चालता येत नाही. रेड फ्लॅग वॉर्निंग लागली की नेमकं काय करायचं? ऑर्डर आली की निघू असं ठरवलंय. बरोबर ना?

नाही, चूक. आणि हे जरा ठणकावूनच सांगते कारण हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. रेड फ्लॅग ही नुसती हवामान खात्याची सूचना, कोरडा वारा आहे, आग भडकू शकते अशी. घर सोडण्याच्या मात्र इथे वेगळ्या दोन पायऱ्या असतात, इव्हॅक्युएशन वॉर्निंग आणि ऑर्डर. ऑर्डर म्हणजे आत्ता निघा. वॉर्निंग म्हणजे तयार राहा, पण ज्यांच्या घरी म्हातारी माणसं, लहान मुलं, आजारी कुणी, जनावरं आहेत त्यांनी वॉर्निंगलाच निघायचं असतं, हे त्यातच लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही. आणि दोन्ही आलं नाही तरी? ईटनची आग संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला लागली आणि पश्चिम ऑल्टडीनात निघण्याची ऑर्डर पोचली पहाटे तीन वाजून गेल्यावर. त्या आगीतले जवळजवळ सगळे मृत्यू त्याच पश्चिम भागातले आहेत, आणि त्यातले बरेच वयस्कर, काहींना चालता न येणारे. मी हे घाबरवायला सांगत नाहीये, पण सासरे घरी असताना सरकारी मेसेजची वाट बघत बसायचं नाही. धूर दिसतोय, वारा आपल्या दिशेने आहे, पोटात गोळा आलाय, निघा. फार तर काय होईल, एक रात्र कुणाच्या तरी हॉलमध्ये गादी टाकून झोपाल. आयर्व्हाइन सपाट आहे, नवं आहे, आम्हाला काय होतंय असं म्हणू नका, ऑक्टोबर २०२० मध्ये सिल्व्हराडो आगीच्या वेळी असाच वारा होता आणि तुमच्याच गावातल्या हजारो लोकांना घरं सोडायला लावली होती.

आता रेड फ्लॅग लागल्याच्या दिवशीची कामं. गाडी ड्राइव्हवेमध्ये तोंड रस्त्याकडे करून लावा. पेट्रोल निदान अर्धी टाकी, आणि इलेक्ट्रिक गाडी असेल तर त्याच दिवशी पूर्ण चार्ज करून ठेवा कारण वाऱ्यात तारा पडून आग लागू नये म्हणून वीज कंपनी आपणहून लाइट घालवते, कधी दिवसभर, कधी दोन दिवस. लाइट गेली की गॅरेजचं दार उघडत नाही हेही कित्येकांना माहीत नसतं! वरच्या मोटरला एक लाल दोरी लोंबत असते, ती ओढायची आणि दार हाताने उचलायचं, आजच दोघांनीही एकदा करून बघा, जड असतं. २०१७ च्या उत्तर कॅलिफोर्नियातल्या आगींमध्ये काही माणसं गॅरेजचं दार उघडता आलं नाही म्हणून अडकली, त्यानंतर २०१९ पासून नवीन मोटरला बॅटरी सक्तीची झाली, पण भाड्याच्या जुन्या घरात ती असेलच असं नाही.

बॅग दाराशी. त्यात सगळ्यांचे पासपोर्ट, ओसीआय, व्हिसाचे कागद, मुलं असतील तर बर्थ सर्टिफिकेट, घराची आणि गाडीची पॉलिसी, सासूसासऱ्यांच्या ट्रॅव्हल इन्शुरन्सची प्रिंट. दागिने. सासऱ्यांची औषधं निदान दोन आठवड्यांची, आणि भारतातून आणलेल्या गोळ्या असतील तर स्ट्रिपवरचं औषधाचं मूळ नाव वाचता येईल असा फोटो, कारण इथे ब्रँडची नावं वेगळी असतात आणि फार्मसीवाला गोंधळतो. इन्सुलिन फ्रिजमध्ये असेल तर फ्रिजच्या दारावर चिठ्ठी चिकटवा, घाईत तेच राहतं. चष्मा, कवळी, कानाचं मशीन. दोघांच्याही पलंगाशेजारी बूट आणि टॉर्च.

आणि अजून एक काम, आज, वारा नसताना. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून सगळं घर फिरा, प्रत्येक कपाट, ड्रॉवर, किचन ट्रॉली उघडून, तोंडाने बोलत बोलत, हा मिक्सर अमुक साली घेतला, ह्या पैठण्या, हे चांदीचं ताट. घर गेलं तर इन्शुरन्सवाले यादी मागतात आणि त्या मनःस्थितीत माणसाला स्वतःच्या किचनमध्ये किती कढया होत्या तेसुद्धा आठवत नाही. व्हिडिओ क्लाउडवर टाका, फोनमध्येच ठेवून काय उपयोग.

निघताना दारंखिडक्या बंद, कुलूप न लावलेलं बरं असं अग्निशमनवाले सांगतात. दाराजवळचं काथ्याचं पायपुसणं, वाळलेलं तोरण, अंगणातल्या खुर्च्यांच्या गाद्या घरात ढकला किंवा लांब टाका. हसू नका, इथे घरं पेटतात ती बहुतेक वेळा ज्वाळा येऊन नाही, वाऱ्यावर मैल-दीड मैल उडत आलेल्या ठिणग्यांनी. पामच्या झाडाची वाळलेली झावळी जळत जळत उडते, कुणाच्या तरी पन्हाळीतल्या पाचोळ्यात नाहीतर पोटमाळ्याच्या जाळीतून आत जाऊन पडते आणि अर्ध्या तासाने आतून घर पेटतं. म्हणून भिंतीपासूनची पहिली पाच फुटं मोकळी ठेवा असं सगळे कानीकपाळी ओरडत असतात.

पुण्याहून एक बाबा : मुलगी लॉस एंजेलिसला. त्या दिवशी सकाळी चहा घेताना टीव्ही लावला आणि हातपाय गळाले. तिला फोन लावत राहिलो, लागला नाही. अशा वेळी आम्ही इकडे बसून काय करावं?

काका, खरं सांगू का, फोन लावत राहू नका. टायमिंगच असं आहे बघा, जानेवारीत साडेतेरा तासांचा फरक, त्यामुळे ईटनची आग इथे संध्याकाळी सव्वासहाला लागली तेव्हा तुमच्याकडे आठ तारखेचे पावणेआठ वाजत होते, म्हणजे तुमचा चहा आणि आमची पळापळ एकाच वेळी. टॉवर पडलेले असतात, लाइट नसते, फोनची बॅटरी जपायची असते, आणि गाडी चालवताना "बाबा कॉलिंग" सतत येत राहिलं तर मॅप दिसत नाही. त्यापेक्षा आत्ताच मुलीशी ठरवून टाका की ती एकच मेसेज टाकेल, निघालो, अमुक ठिकाणी चाललोय, आणि पोचल्यावर दुसरा. मेसेज कॉलपेक्षा लवकर जातो. लाइव्ह लोकेशन शेअर केलं तर उत्तमच. तुम्ही तिकडे बसून एक काम मात्र नक्की करू शकता, वॉच ड्यूटी नावाचं ॲप आहे, ना नफा तत्त्वावर चालणारं, त्यात काही माणसं अग्निशमन दलाचे रेडिओ ऐकून आगीच्या कडा आणि ऑर्डरचे झोन नकाशावर टाकत असतात, त्या आठवड्यात इथे प्रत्येकाच्या फोनवर तेच उघडं होतं. तुम्हालाही नकाशा समजतो, मुलीचं घर कुठे आणि आग कुठे ते बघा, टीव्हीवर एकच पेटतं घर दिवसभर फिरवून दाखवतात त्याने जीव जास्त घाबरतो. लॉस एंजेलिस काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) केवढी मोठी आहे, एक कोटीच्या आसपास माणसं, पॅलिसेड्सपासून ऑल्टडीनाच गाडीने तास-सव्वा तासावर.

आणि हो, ९ तारखेला दुपारी चारच्या सुमाराला अख्ख्या काउंटीतल्या सगळ्यांच्या फोनवर निघा म्हणून अलर्ट आला, तो कर्कश्श आवाज, आणि तो चुकून गेलेला होता! तुमच्याकडे पहाटेचे साडेपाच. त्यानंतर वैतागून काही जणांनी अलर्टच बंद करून टाकले. मुलीने केले असतील तर परत चालू करायला लावा, ओरडून सांगा हवं तर.

चिपळूणहून एक वाचक : ताई, आमच्याकडेही दर उन्हाळ्यात वणवे लागतात, काजूच्या बागा जातात, पण गावंच्या गावं जळाल्याचं कधी ऐकलं नाही. एवढ्या श्रीमंत देशात १६ हजार इमारती जळतात म्हणजे काय?

दादा, प्रश्न आवडला. हो, दोन्ही आगी मिळून १६ हजारांवर बांधकामं गेली, ३१ माणसं गेली. पण आपला वणवा बघा, फेब्रुवारी ते मे, बहुतेक वेळा माणसानेच लावलेला, गवत चांगलं येतं म्हणून, नाहीतर विडी टाकून, आणि जळतं ते मुख्यतः गवत आणि पाचोळा, आग जमिनीलगत सरकत जाते, पोरं हिरव्या फांद्यांनी झोडपून ती विझवतात, जाळरेषा काढलेली असली तर तिथे थांबते. इथल्या डोंगरावर चॅपरल असतं, माणसाच्या उंचीचं दाट झुडूप, पानांत तेलकट द्रव्यं, ते पेटलं की झोडपायला जवळ जाताच येत नाही. आणि वर तो वारा. आपल्याकडे वणव्याच्या दिवसांत ताशी १०० किलोमीटरचा वारा कुठे असतो?

आणि घरं. आपलं घर जांभ्या दगडाचं, वर कौलं, जळलाच तर गोठा, पेंढ्याची उडवी. इथलं घर लाकडाचं असतं, बाहेरून गिलावा दिसतो पण आत सगळा लाकडी सांगाडा. त्याला भूकंपाचंही कारण आहे, १९३३ मध्ये लाँग बीचला मोठा भूकंप झाला, साध्या विटांच्या इमारती पत्त्यासारख्या कोसळल्या, तेव्हापासून लोखंडाचा आधार नसलेल्या विटेच्या बांधकामावर बंदी आली. भूकंपाला लाकूड लवचीक म्हणून चांगलं, आगीला तेच सरपण. एकदा पहिली ओळ पेटली की जंगल बाजूलाच राहतं, घरानेच शेजारचं घर पेटतं. ऑल्टडीनात रस्त्यावरची सगळी घरं राख आणि अंगणातलं झाड मात्र हिरवं असं मी स्वतः पाहिलंय, एकाच गल्लीत अनेक ठिकाणी.

तुमच्या जळालेल्या काजूंच्या भरपाईचे पैसे मात्र मिळायला हवेत, तो वेगळा लेख होईल.

ठाण्याहून एक वाचक : समोर अख्खा पॅसिफिक आणि हायड्रंटला (रस्त्यावरच्या बंबाच्या नळाला) पाणी नाही, हसावं की रडावं?

दोन्ही करून झालंय इथे. पॅलिसेड्सच्या वर डोंगरात दहा-दहा लाख गॅलनच्या तीन टाक्या आहेत, तिथून उतारावर पाणी येतं. त्या ८ तारखेच्या पहाटेपर्यंत रिकाम्या झाल्या, कारण सलग पंधरा तास रोजच्या चौपट पाणी ओढलं जात होतं आणि खालून भरायला वेळच मिळाला नाही. जवळच ११ कोटी ७० लाख गॅलनचा एक मोठा जलाशय होता तो झाकण दुरुस्तीसाठी रिकामा ठेवलेला, त्यावरून बराच गदारोळ झाला आणि व्हायलाच हवा होता. पण शहराचे नळ दोन-चार घरांची आग विझवायला असतात, हजार घरांची नाही. समुद्राचं पाणीही वापरलं, कॅनडाची पिवळी-लाल विमानं आली होती, समुद्राला घासत जाऊन बारा सेकंदांत १६०० गॅलन भरून घेतात, बघत राहावं असं. त्यातल्या एकाला कुणा हौशी माणसाचा ड्रोन धडकला, पंखाला भोक पडलं आणि ते विमान ऐन गरजेच्या दिवसांत जमिनीवर. शिवाय ७ तारखेच्या रात्री वाऱ्यामुळे विमानं उडूच शकली नाहीत, म्हणजे परत वाराच. तुमच्या कुणाचं घर इथे असेल तर एक, निघताना बागेतले स्प्रिंकलर चालू ठेवून जाऊ नका, घर वाचत नाही आणि बंबाचं प्रेशर मात्र जातं.

मास्टर्स करणारा एक विद्यार्थी : आम्ही चौघं भाड्याने राहतो, रेंटर्स इन्शुरन्स घ्यायचा का? रूममेट म्हणतात घरमालकाचा असतोच.

घरमालकाचा असतो तो भिंतींचा. तुझा लॅपटॉप, कपडे, सायकल, आणि घर रिकामं करायला लावलं तर हॉटेलचं बिल, ते तुझ्या पॉलिसीतूनच. महिन्याला दोन-तीन पिझ्झांचे पैसे जातील. घे. कागदपत्रांचं वर लिहिलंय, त्यात तुझा आय-ट्वेंटी (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेजने दिलेला कागद) वाढव.

डायमंड बारहून एक ताई : दिवाळी नेमकी याच वाऱ्यात येते. मुलांना फुलबाज्या तरी देऊ का?

लॉस एंजेलिस शहरात आणि काउंटीच्या अखत्यारीतल्या वस्त्यांमध्ये फुलबाजीसुद्धा बेकायदा आहे, तुमच्या शहराचा नियम वेगळा बघून घ्या, पण रेड फ्लॅग असेल तर नियम बघायचीही गरज नाही, नको. पॅलिसेड्सच्या आगीबद्दल सरकारी वकिलांचं म्हणणं असं आहे की १ जानेवारीला कुणीतरी लावलेली एक छोटी आग विझली असं वाटलं, ती मुळांमध्ये धुमसत राहिली आणि ७ तारखेच्या वाऱ्याने वर आली. खटल्याचं काय व्हायचं ते होईल. पणत्या घरात लावा, बाहेर एलईडी.

पॅसाडिनाहून एक वाचक : घर वाचलं, देवाची कृपा, पण सगळीकडे राख आणि धुराचा वास. बायको झाडू घेऊन लागलीच. फ्रिज, पाणी, सामान, काय ठेवायचं काय टाकायचं?

आधी वहिनींच्या हातातला झाडू काढून घ्या. ही चुलीतली राख नाहीये, यात जुन्या घरांच्या रंगातलं शिसं असतं, ॲस्बेस्टॉस असतं, ऑल्टडीनातली कितीतरी घरं शंभरेक वर्षांपूर्वीची होती. कोरडं झाडलं की ते उडून नाकात. एन-९५ मास्क, हातमोजे, ओल्या फडक्याने पुसायचं, व्हॅक्युम हेपा फिल्टरचा असेल तरच. लीफ ब्लोअर तर अजिबात नाही, काउंटीने तेव्हा त्यावर बंदीच घातली होती. फोनवरचा एक्यूआय (हवा किती चांगली-वाईट तो आकडा) हिरवा दिसला म्हणून खिडक्या उघडू नका, तो बारीक कण मोजतो, उडणारी राख त्यात धरलेली नसते. एअर प्युरिफायर मिळत नसेल तर वीस इंची बॉक्स फॅनला मर्व्ह-१३ चे (बारीक कण अडवणारे) फिल्टर चारी बाजूंनी टेपने चिकटवून चौकोन करायचा, दिसतो गबाळा पण काम चोख करतो. उदबत्ती, धूप, खमंग फोडणी सध्या बंद, कुकरची खिचडी खा चार दिवस.

पाण्याची नोटीस असेल तर नीट वाचा. "उकळून प्या" आणि "वापरू नका" या दोन वेगळ्या नोटिसा आहेत. जळालेल्या भागात पाइपांमध्ये बेंझीनसारखी रसायनं शिरतात, ती उकळून जात नाहीत, उलट वाफेबरोबर घरात पसरतात. तेव्हा बाटलीबंद पाणीच, भाजी धुवायलाही.

लाइट चार तासांपेक्षा जास्त गेली असेल तर फ्रिजमधलं दूध, दही, शिजवलेलं सगळं टाका. धूर-राख लागलेली उघडी धान्यं, कागदी-प्लास्टिक पाकिटातली पिठं, मसालेही. हवाबंद पत्र्याचे डबे बाहेरून धुवून चालतात. फिरकीच्या झाकणाच्या बरण्या चालत नाहीत, धूर झाकणाच्या आट्यांतून आत जातो. म्हणजे हो, आईने पाठवलेलं कैरीचं लोणचंसुद्धा गेलं. तिला कसं सांगायचं ते मला विचारू नका.